चालत्या गाडीतील तरंगत्या वस्तू : प्रस्तावना

गाडी वेग घेते तेव्हा आतल्या बहुतेक वस्तू मागे झुकतात. हवेहून हलका फुगा मात्र पुढे जातो. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून मिरजकर तिकटीकडे जाणाऱ्या केएमटी बसमध्ये याचा उलटा प्रकारही पाहता येतो. चालकाने अचानक ब्रेक दाबला की उभे प्रवासी पुढे तोलतात, दांडीला अडकवलेली पिशवी पुढे झोका घेते आणि एखाद्या मुलाच्या हातातला गॅसचा फुगा त्याच क्षणी मागच्या बाकांकडे सरकतो. बस डावीकडे वळली तर माणसे उजवीकडे कलतात, फुगा डावीकडे. आडव्या धरलेल्या पाण्याच्या बाटलीतला बुडबुडा फुग्याचीच बाजू घेतो. फुग्याचे हे वागणे जडत्वाच्या नियमाला अपवाद वाटते. पण तो नियम नीट लावला तर फुग्याने दुसऱ्या कोणत्याही दिशेला जाणे शक्यच नाही, असे दिसून येते.

द्रव आणि वायू यांना मिळून द्रायू म्हणतात. द्रायूत बुडालेल्या वस्तूचे वर्तन तिच्या घनतेवरून ठरते. भोवतालच्या द्रायूपेक्षा घनता कमी असेल तर वस्तू वर चढते, जास्त असेल तर खाली बसते आणि सारखी असेल तर आहे तेथे राहते. यामागचे तत्त्व आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात मांडले : वस्तूने जेवढा द्रायू बाजूला सारला, तेवढ्या द्रायूच्या वजनाइतके प्लावक बल वस्तूला वर ढकलते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे अधिक उंचीवर आहे. तेथे एक घनमीटर हवेचे वस्तुमान उन्हाळ्याच्या दिवसांत साधारण १.१ किलोग्रॅम भरते. तीस सेंटिमीटर व्यासाचा गोल फुगा सुमारे १४ लीटर, म्हणजे १५ ग्रॅमहून थोडी अधिक हवा बाजूला सारतो. त्यात भरलेला हेलिअम दोन ग्रॅमच्या आसपास असतो आणि रबर साधारण तीन ग्रॅमचे. उरलेल्या दहाएक ग्रॅमच्या ओढीने दोरी ताठ राहते. गाडीतल्या फुग्याची पुढची सारी हकीकत या दहा ग्रॅमांच्या फरकातून घडते.

गाडी सरळ रस्त्यावर एकाच वेगाने जात असेल तर काहीही घडत नाही. फुगा छताकडे सरळ उभा राहतो, पाण्याची पातळी आडवी राहते आणि माशी घरातल्यासारखीच उडते. ही गोष्ट पूर्वीच्या विचारवंतांना चांगली ठाऊक होती. आर्यभटाने इसवी सन ४९९च्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात नावेचा दाखला दिला आहे : नावेतून पुढे जाणाऱ्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच फिरत्या पृथ्वीवरून स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. गॅलिलिओने १६३२च्या ‘संवाद’ ग्रंथात वाचकाला जहाजाच्या बंद खोलीत नेले. तेथे माश्या आणि फुलपाखरे उडत आहेत, भांड्यात मासे पोहत आहेत, टांगलेल्या बाटलीतून पाणी थेंबथेंब गळते आहे आणि धूप जळतो आहे. जहाज संथपणे एका वेगाने जात असेल तर यांपैकी कशाच्याही हालचालीवरून ते चालते आहे की थांबले आहे, हे सांगता येणार नाही, असे त्याने दाखवले. यातली निम्मी उदाहरणे तरंगणाऱ्या वा उडणाऱ्या वस्तूंची आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जहाजातली हवा जहाजाबरोबरच चालते. म्हणून त्या हवेत असलेल्या वस्तूला वेगळी धाव घ्यावी लागत नाही. बसमधल्या माशीला ताशी चाळीस किलोमीटर वेगाने उडावे लागत नाही, याचे कारण हेच.

फरक पडतो तो वेग बदलताना. बस पुढे त्वरण घेते तेव्हा आतल्या हवेलाही तेवढेच त्वरण मिळावे लागते. ते देते मागची भिंत. मागच्या भिंतीलगतची हवा किंचित दाबली जाते, पुढची किंचित विरळ होते आणि दाबाच्या या फरकामुळे हवेचा प्रत्येक थर आपल्या पुढच्या थराला ढकलतो. दाबाची ही मांडणी ध्वनीच्या वेगाने पसरते. दहा मीटर लांबीच्या बसमध्ये तिला सेकंदाचा काही शतांश भाग पुरतो. बसचे त्वरण १ मीटर प्रतिसेकंद वर्ग असेल तर दोन टोकांमधला दाबाचा फरक सुमारे ११ पास्कल येतो. वातावरणाच्या एकूण दाबापुढे हा फरक नगण्य आहे. पण जमीन आणि तिच्यावर एक मीटर उंची यांमध्येही दाबाचा फरक एवढाच असतो, आणि फुगा वर चढतो तो त्याच फरकाच्या जोरावर. एवढासा फरक फुगा उचलतो, तर एवढाच फरक त्याला पुढेही ढकलू शकतो.

हवेच्या १४ लीटरच्या एका गोळ्याचा विचार केला तर चित्र पूर्ण होते. त्या गोळ्याच्या मागे दाब जास्त आणि पुढे कमी आहे. मिळणारे निव्वळ बल त्या गोळ्याला बसइतकेच त्वरण देण्यास नेमके पुरेसे आहे. आता त्याच जागी तेवढ्याच आकाराचा फुगा ठेवला. बाहेरचा दाब तोच, म्हणून बलही तेच. पण फुग्याचे वस्तुमान हवेच्या गोळ्याच्या एकतृतीयांश. तेच बल हलक्या वस्तूवर पडले, म्हणून ती बसपेक्षा अधिक त्वरणाने पुढे निघते. त्याच जागी लिंबू ठेवले तर त्याचे वस्तुमान तेवढ्याच आकाराच्या हवेच्या शेकडो पट. हवेचा रेटा त्याला पुरत नाही आणि ते मागे राहते. फुग्याला कागदाच्या टाचण्या एकेक करून अडकवत तो चढतही नाही आणि उतरतही नाही अशा स्थितीत आणला, तर बसने वेग घेतला तरी तो बसमधली आपली जागा सोडत नाही. तोंडाने फुगवलेला फुगा रबराच्या वजनामुळे हवेहून थोडा जड असतो. तो हळूहळू मागे सरकतो. चारही वस्तूंना नियम एकच लागू आहे. घनता बदलली, म्हणून दिशा बदलली.

एक बारकावा येथे नोंदवला पाहिजे. मोकळा सोडलेला फुगा पुढे निघताना भोवतालची थोडी हवाही हलवतो. गोलाकार वस्तूच्या बाबतीत ही हवा तिने सारलेल्या हवेच्या निम्म्या वस्तुमानाइतकी धरतात. वर दिलेले आकडे घेऊन हिशेब केला तर फुग्याचे बसच्या तुलनेतले सुरुवातीचे त्वरण बसच्या त्वरणाच्या सुमारे चारपंचमांश येते. पुढे हवेचा विरोध वाढतो आणि फुग्याची चाल मंदावते. म्हणूनच फुगा झटका देत नाही. तो सावकाश पण ठामपणे पुढे जातो.

हेच सारे दुसऱ्या रीतीने मांडता येते, आणि ती रीत हिशेबाला सोपी आहे. गवंड्याच्या हाती दोन साधने असतात : ओळंबा आणि पाणसळ, म्हणजे बुडबुड्याची लेव्हल. ओळंब्याचा गोळा हवेहून जड असल्याने तो खालची दिशा दाखवतो. पाणसळीतला बुडबुडा भोवतालच्या द्रवाहून हलका असल्याने तो वरची बाजू शोधतो. दोन्ही साधने वेग घेणाऱ्या बसमध्ये नेली तर ओळंबा मागे कलतो आणि बुडबुडा पुढे सरकतो. ओळंब्याची दोरी आणि फुग्याची दोरी तेव्हाही एकमेकींना समांतर असतात. याचा अर्थ असा की वेग बदलणाऱ्या गाडीच्या आत ‘खाली’ ही दिशाच कलते. गुरुत्वामुळे सारे खाली ओढले जाते आणि गाडीच्या त्वरणामुळे सारे उलट दिशेने ढकलल्यासारखे वाटते. या दोहोंची बेरीज म्हणजे गाडीतले प्रभावी गुरुत्व. जड वस्तू या नव्या खालच्या दिशेकडे पडतात, हलक्या वस्तू नव्या वरच्या दिशेकडे चढतात.

कल किती, हे त्वरण आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणोत्तरावरून मिळते. त्वरण १ मीटर प्रतिसेकंद वर्ग असेल, म्हणजे शहरातली बस थांब्यावरून नेहमीसारखी निघाली, तर कल सुमारे ६ अंश. साठ सेंटिमीटर दोरीचा फुगा सहा सेंटिमीटर पुढे दिसतो. जोराचा ब्रेक लागून मंदन ५ मीटर प्रतिसेकंद वर्ग झाले तर कल २७ अंश, आणि तोच फुगा २७ सेंटिमीटर मागे जातो. या हिशेबात फुग्याचे आकारमान किंवा त्यातला वायू कुठेच येत नाही. लहान फुगा असो वा मोठा, स्थिरावल्यावर दोरीचा कोन एकच. म्हणून पाण्याने भरून उलट्या धरलेल्या बरणीत झाकणाला दोऱ्याने बांधलेले बूच हे त्वरण मोजण्याचे भरवशाचे साधन ठरते. बूच ज्या बाजूला कलेल, त्या बाजूला त्वरण.

वळणावर वेगाचा आकडा तोच राहिला तरी दिशा बदलते, म्हणून तेथेही त्वरण असते, आणि ते वळणाच्या केंद्राकडे असते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने ५० मीटर त्रिज्येचे वळण घेताना ते २ मीटर प्रतिसेकंद वर्ग होते. माणसे बाहेरच्या बाजूला रेलतात, फुगा ११ ते १२ अंशांनी आतल्या बाजूला कलतो. चालू मोटारसायकलचा अनुभव मात्र वेगळा असतो. चालक वळणावर गाडी अशी कलवतो की प्रभावी गुरुत्वाची रेषा गाडीच्या उभ्या प्रतलातच राहते. त्यामुळे टाकीतले पेट्रोल टाकीच्या दृष्टीने कुठल्याच बाजूला जात नाही. विमानही योग्य कलून वळले तर प्रवाशाच्या पेल्यातले पाणी पेल्याच्या काठाशी समांतर राहते.

सतत वळत राहणारे पात्र म्हणजे दुधातली साय वेगळी करणारे यंत्र. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हालने १८७८ मध्ये सतत चालणारे असे यंत्र बनवले. त्याच्या वेगाने फिरणाऱ्या भांड्यात प्रभावी गुरुत्व पृथ्वीच्या गुरुत्वाच्या हजारो पट होते. स्निग्धाचे कण उरलेल्या दुधाहून हलके. म्हणून ते वळणाच्या आतल्या बाजूला, भांड्याच्या मध्याकडे जमतात आणि साय काढलेले दूध कडेला जाते. बस वळताना फुगा आत सरकतो आणि डेअरीत साय मध्याकडे येते, या दोन्ही घटना एकाच नियमाने घडतात.

घाटात या विषयाचे आणखी एक अंग उघड होते. अंबा किंवा करूळ घाटात गाडी चढावर उभी असेल तर फुगा जमिनीच्या हिशेबाने सरळ, पण गाडीच्या तळाच्या हिशेबाने पुढे कललेला दिसतो. सपाट रस्त्यावर वेग घेणाऱ्या गाडीतही तो पुढेच कललेला दिसतो. खिडक्या झाकलेल्या असतील तर केवळ फुग्याकडे पाहून या दोन स्थिती वेगळ्या ओळखता येत नाहीत. उतारावर उलट प्रकार होतो. ब्रेक धरून एका वेगाने उतरणाऱ्या गाडीत दोरी खऱ्या उभ्या रेषेत राहते. घर्षण अजिबात नसलेली गाडी आपोआप घरंगळू लागली तर मात्र दोरी गाडीच्या तळाशी काटकोन करते, जणू उतार नाहीच. माणसाच्या कानातले तोल सांभाळणारे इंद्रियही द्रवातल्या जड कणांवर चालते, म्हणून तेही असेच फसते. ढगातून वेगाने झेपावणाऱ्या विमानाच्या वैमानिकाला नाक प्रत्यक्षापेक्षा अधिक वर उचलल्याचा भास होतो, तो यामुळेच. त्याने यंत्रांवरच विसंबावे, असे शिक्षण त्याला दिले जाते.

गुरुत्व आणि त्वरण यांचे परिणाम एका लहान बंद जागेत वेगळे करता येत नाहीत, ही गोष्ट आइनस्टाइनने १९०७ मध्ये तत्त्व म्हणून स्वीकारली. याला समतुल्यतेचे तत्त्व म्हणतात, आणि त्याच पायावर १९१५ मध्ये सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत उभा राहिला. त्याच्या दुसऱ्या टोकाला मुक्तपतन येते. दोर तुटलेल्या लिफ्टमध्ये प्रभावी गुरुत्व शून्य होते. वर आणि खाली या दिशा उरत नाहीत, दाबाचा उतार नाहीसा होतो आणि त्याबरोबर प्लावक बलही. पृथ्वीभोवती फिरणारे अंतराळस्थानक सतत मुक्तपतनातच असते. तेथे पाण्यातला बुडबुडा वर येत नाही आणि ज्योतीची तापलेली हवा वर चढत नसल्याने ज्योत जवळजवळ गोल होते. तरंगण्यासाठी द्रायू लागतो, तसेच गुरुत्व किंवा त्वरणही लागते, हे तेथे प्रत्यक्ष दिसते.

द्रवाच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या वस्तूंचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. वेग घेणाऱ्या गाडीतल्या बादलीत पाण्याचा पृष्ठभाग मागच्या बाजूला चढतो आणि प्रभावी गुरुत्वाशी काटकोन करून स्थिरावतो. त्यावरचे बूच घसरत नाही. पृष्ठभागाबरोबर तेही कलते. ते आधी जेवढे बुडाले होते तेवढेच बुडालेले राहते, कारण प्रभावी गुरुत्व वाढले तर बुचाचे वजन आणि प्लावक बल दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. मोटारीच्या टाकीतल्या तरंगत्या गोळ्याशी जोडलेला पेट्रोलचा काटा घाटात किंवा जोराच्या वळणावर वरखाली होतो, तो पेट्रोल कमीजास्त झाल्यामुळे नव्हे. पृष्ठभाग कलल्यामुळे गोळा वर किंवा खाली जातो.

कोल्हापूर जिल्ह्यात या प्रकरणाला मोठे व्यावहारिक महत्त्व आहे. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे ‘गोकुळ’, १९६३ मध्ये स्थापन झाला, आणि त्याचे दूध टँकरने पुण्या-मुंबईपर्यंत जाते. साखर कारखान्यांची मळीही टँकरनेच वाहिली जाते. काठोकाठ भरलेल्या टाकीत द्रवाला हलण्यास जागा नसते. अर्धवट भरलेल्या टाकीत ती असते. टँकरने ३ मीटर प्रतिसेकंद वर्ग मंदनाने ब्रेक लावला आणि टाकी सहा मीटर लांब व अखंड असली, तर स्थिरावलेल्या पृष्ठभागाच्या दोन टोकांत सुमारे १.८ मीटरचा फरक पडावा लागतो. म्हणजे जवळजवळ सारा द्रव पुढे धावतो आणि वरची रिकामी जागा पाणसळीतल्या बुडबुड्याप्रमाणे मागे जाते. त्याच टाकीचे दोन-दोन मीटरचे तीन बंद कप्पे केले तर प्रत्येक कप्प्यातला फरक ०.६ मीटरवर येतो. भोके असलेले आडवे पडदे बसवले तर द्रव हळू सरकतो आणि त्याची लाट मोडते. वळणावर द्रव बाहेरच्या बाजूला जातो, गुरुत्वमध्यही बाहेर सरकतो आणि टँकर उलटण्याचा धोका वाढतो. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा हलका असूनही घाटात अधिक सावधपणे चालवावा लागतो, त्याचे हे कारण.

स्वतःच्या बळावर उडणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. माशीची घनता पाण्याच्या जवळपास, म्हणजे हवेच्या शेकडो पट. बस निघताना हवेच्या दाबाच्या उताराने तिला पुरेसे बल मिळत नाही. ती क्षणभर मागे पडते, मग हवेचा विरोध आणि तिचे पंख तिला सावरतात. डास इतका लहान की हवेचा विरोधच त्याला जवळजवळ लगेच बरोबर ओढून नेतो. घिरट्या घालणारा ड्रोन जड असल्याने मागे राहतो. तळाकडे पाहणारा कॅमेरा त्याला बसच्या तळाशी जखडून ठेवत असेल, तर तो स्वतः पुढे कलून बसबरोबर जातो. चालकाच्या समोर देवाच्या तसबिरीपुढे लावलेल्या उदबत्तीचा धूर तापलेल्या हवेबरोबर वर चढतो. तो हलका असल्याने बंद खिडक्यांच्या गाडीत वेग घेताना पुढे आणि ब्रेक लागताना मागे झुकतो. काचेच्या चिमणीतली ज्योतही असेच करते.

हे सारे दिसण्यासाठी एक अट आहे : हवा गाडीबरोबर कोंडलेली असली पाहिजे. उघड्या ट्रकमध्ये किंवा स्कूटरवर धरलेला फुगा मागे उडतो, कारण तेथे समोरून येणाऱ्या वाऱ्याचा जोर दाबाच्या उतारापेक्षा कितीतरी अधिक असतो. खिडक्या उघड्या असतील किंवा पंखा चालू असेल तरी निष्कर्ष बिघडतो. प्रयोग प्रवाशाने करावा, चालकाने नव्हे. यासाठी सर्वांत निर्धोक साधन म्हणजे थोडी हवा ठेवून घट्ट बंद केलेली पाण्याची बाटली. फुगाच घ्यायचा तर तो हेलिअमचाच असावा. जत्रेत विकले जाणारे काही फुगे हायड्रोजनने भरलेले असतात. हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो, आणि बंद गाडीत तो नेणे धोक्याचे आहे.

या विषयाच्या सीमेवर एक प्रश्न उभा आहे. वेग बदलताना वस्तू विरोध करतात, हे सर्वत्र गृहीत धरले. पण हे जडत्व येते कोठून? भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांच्या मते त्याचे मूळ विश्वातल्या दूरदूरच्या वस्तुमानात असावे. या विचाराला गणिती रूप देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न फ्रेड हॉईल आणि जयंत नारळीकर यांनी १९६४ मध्ये केला. नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरातच झाला. पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आयुका या संस्थेचे ते संस्थापक संचालक झाले आणि २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. हॉईल आणि नारळीकर यांच्या सिद्धांतात कणाचे वस्तुमान विश्वातल्या इतर सर्व कणांमुळे ठरते. भौतिकशास्त्रज्ञांचे या प्रश्नाच्या उत्तरावर अद्याप एकमत नाही. फुगा कोणत्या दिशेला जाईल आणि किती कलेल, हे सांगण्यासाठी घनता, त्वरण आणि गुरुत्व एवढीच माहिती पुरते; जडत्वाचे मूळ शोधणे हे विश्वरचनाशास्त्राचे काम आहे.